घरच्यांचा प्रश्न

धाकटीच्या विद्यापीठात एक गमतीची पद्धत होती. पीएचडीची तोंडी परीक्षा सगळ्यांसमोर व्हायची आणि तिथे पहिला प्रश्न परीक्षकांचा नसायचा, घरच्यांचा असायचा. उमेदवाराच्या घरून जे कुणी आलं असेल त्यानं उठून काहीतरी विचारायचं, उमेदवारानं उत्तर द्यायचं, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, आणि मग परीक्षक बाह्या सरसावून बसायचे. एकाच्या बायकोनं विचारलं होतं, आता तरी संध्याकाळी वेळेवर घरी येणार का? तेव्हा परीक्षकसुद्धा पोट धरून हसले होते. घरच्यांना इंग्रजी येत नसेल तर त्यांनी आपल्या भाषेत विचारावं आणि उमेदवारानंच ते इंग्रजीत करून सांगावं, असा नियम होता. कारण त्या इमारतीत जो तो कुठून कुठून आलेला, आणि सगळ्यांना मिळून एकच भाषा येत होती.

येत होती म्हणजे काय, तर कामापुरती. धाकटीच्या प्रयोगशाळेत नऊ माणसं आणि सात मातृभाषा, त्यांत इंग्रजी एकाचीही नाही. त्यामुळे दर सोमवारच्या मीटिंगमध्ये एक मजा चालायची. कुणीतरी बोलायचं, बाकीच्यांना अर्धं कळायचं, आणि प्रत्येकाला वाटायचं की बाकी सगळ्यांना कळलंय, आपलंच इंग्रजी कच्चं. मग काय, नंदीबैलासारख्या माना हलायच्या. भाड्याच्या घरात खिळा ठोकताना माणूस बिचकतो, तसं त्या भाषेत 'हे काय म्हणालात?' असं विचारायला सगळे बिचकायचे. गाईडबाईसुद्धा. त्यांचं नाव मोठं, त्यांनी लिहिलेली पुस्तकं वीत-वीतभर जाड, पण मान हलवण्यात त्या सगळ्यांच्या पुढे.

या सगळ्यांत धाकटीचं इंग्रजी उत्तम. शाळेत पाठांतराची बक्षिसं मिळवलेली. इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात मीटिंगचं टिपण लिहायचं काम तिच्याकडे आलं आणि पाच वर्षं तिच्याकडेच राहिलं. लोक आपले निबंध तिच्याकडून तपासून घ्यायचे. तिला त्याचा अभिमान होता, आणि तो ती लपवायचीही नाही.

आता तिचं संशोधन. पंप चालू असताना त्याचा आवाज ऐकून आतलं बेअरिंग खराब होत आलंय का, हे ओळखणारं यंत्र तिनं बनवलं होतं. त्यासाठी वीस चांगले पंप आणि वीस बेअरिंग गेलेले पंप चालवून त्यांचे आवाज टिपले होते. यंत्र शंभरातल्या सत्त्याण्णव वेळा बरोबर सांगायचं. कागदावर हा आकडा फार देखणा दिसत होता. त्या आकड्याच्या जोरावर दुसऱ्या एका विद्यापीठात तिला शिकवण्याची नोकरी मिळाली होती, पुढच्या महिन्यापासून. अट एकच, तोपर्यंत पदवी हातात हवी.

आणि ही सगळी कल्पना मुळात अण्णांची, हे तिनं प्रबंधात कुठेच लिहिलं नव्हतं. अण्णा म्हणजे तिचे वडील. पंचेचाळीस वर्षं मोटारी आणि पंप दुरुस्त करणारे. पंप चालू करायचे, स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या जागी टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. 'गेलंय,' म्हणायचे, किंवा 'अजून सहा महिने काही होत नाही.' लहानपणी धाकटी शेजारी बॅटरी धरून उभी असायची आणि 'कशावरून?' म्हणून डोकं खायची. थोरलीला त्यात रस नव्हता. आईला तर दोघींनी ग्रीसनं फ्रॉक माखून घेऊ नये एवढंच वाटायचं.

परीक्षेच्या दोन दिवस आधी अण्णा आले. आई येऊ शकली नाही, थोरलीचं बाळंतपण होतं. अण्णा आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले आणि उतरल्या उतरल्या म्हणाले, "डाव्या बाजूचं इंजिन थोडं कुरकुरत होतं. कुणाला सांगू म्हटलं, पण भाषा येईना."

धाकटीनं सगळं पक्कं ठरवून ठेवलं होतं. अण्णांसाठी तिनं चिठ्ठीवर मराठीत प्रश्न लिहिला होता, 'या यंत्राचा साध्या माणसाला काय उपयोग?' त्याचं इंग्रजी उत्तर तिनं आरशासमोर बारा वेळा म्हटलं होतं. अण्णांनी चिठ्ठी दोनदा वाचली, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

आदल्या दिवशी दुपारी ती त्यांना प्रयोगशाळा दाखवायला घेऊन गेली. तिला सभागृहातला पडदा आणि माईक बघून यायचा होता, म्हणून अण्णांना तिनं मिस्त्रीच्या ताब्यात दिलं. मिस्त्री म्हणजे तिथला कारागीर. खरं नाव उच्चारताना तिची जीभ अडखळायची, म्हणून मनातल्या मनात तिनं त्याला मिस्त्री केलं होतं. साठीला आलेला, अबोल, हाताला जादू. सगळे पंप मांडायचं आणि चालवायचं काम त्याचं. त्याचं इंग्रजी सगळ्यांत कच्चं. त्यातून सुरुवात केली की वाक्य संपायचंच नाही, त्यामुळे सोमवारी त्याची पाळी आली की लोक घड्याळाकडे बघायचे.

तासाभरानं ती परतली तर दोघं म्हातारे उकिडवे बसलेले. अण्णांच्या कानाला स्क्रूड्रायव्हर, मिस्त्रीच्या कानाला दुसरा स्क्रूड्रायव्हर, आणि मधे एक पंप घरघरतोय. "बेअरिंग," अण्णा बोट दाखवून म्हणाले. "बेअरिंग," मिस्त्री म्हणाला. मग अण्णांनी पाण्याच्या नळीकडे बोट केलं. "लोड?" मिस्त्रीनं नकारार्थी मान हलवली, "नो लोड," आणि हातानं पाणी फवारल्याची खूण करून "सील, सील" म्हणाला. अण्णांनी भुवया उंचावल्या. मग दोघंही खो खो हसले. कशाला, ते देव जाणे. धाकटीला जरा हेवाच वाटला. पाच वर्षांत मिस्त्री तिच्यासमोर असा एकदाही हसला नव्हता.

संध्याकाळी जेवताना अण्णांनी विषय काढला.

"काय गं, ते खराब पंप तुम्ही कोरडेच चालवलेत?"

"म्हणजे?"

"म्हणजे चांगले पंप पाण्याच्या टाकीला जोडलेले आहेत. ते पाणी ओढतात, लोडवर चालतात. खराबवाले बाजूच्या बाकावर, त्यांना नळीच नाही. बिनलोडचे. तो मिस्त्रीही तेच म्हणाला."

"अण्णा, तिथे नऊ जण आहेत तपासायला. काहीतरी कारण असेल."

"कारण आहेच. बेअरिंग गेलं की सीलही गळतं, पाणी फवारतं, शेजारी विजेच्या वायरी. तो शहाणा माणूस आहे. पण मला काय वाटलं..."

"उद्या सांगते ना. आता डोक्याला ताप नको."

"बरं, उद्या सांग," अण्णा म्हणाले आणि ताट उचलून मोरीकडे गेले.

धाकटीचा घास मात्र तोंडातच फिरत राहिला. अण्णांना काय वाटलं ते तिला पुरतं कळलं होतं. रिकामा पंप आणि भरलेला पंप यांचा आवाज शेंबडं पोरही वेगळा ओळखेल. मग आपलं यंत्र इतके दिवस नक्की काय ओळखतंय?

त्या रात्री झोप आलीच नाही. सकाळी साडेसहाला तिनं लॅपटॉप उघडला आणि जुनी टिपणं काढली. तीन वर्षांपूर्वीचा एक सोमवार सापडला. खाली तिचंच नाव. त्यात मिस्त्रीच्या बोलण्याबद्दल सुंदर इंग्रजीत एकच ओळ लिहिली होती, 'पंपांच्या मांडणीविषयी सविस्तर चर्चा झाली, सर्वांची संमती.'

तिला तो दिवस आठवला. मिस्त्री वीस मिनिटं बोलला होता. फळ्यावर त्यानं काहीतरी काढलं होतं, टाकी, नळी, फुली. कुणाला कळलं नव्हतं, तिलाही नाही. पण गाईडबाईंनी मान हलवली, म्हणून शेजारी बसलेल्या, प्रयोगशाळेतल्या उंचाड्या डॉक्टरसाहेबांनी हलवली, म्हणून तिनं हलवली, आणि टिपणात लिहिलं, संमती. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिनं लॅपटॉप खाडकन मिटला.

आठला ती वर्कशॉपमध्ये. मिस्त्री नुकताच कोट काढत होता.

"खराब पंप," ती इंग्रजीत म्हणाली. "वीसच्या वीस. पाण्याशिवाय?"

"हो. वीस. सील गळतं. अर्धा मिनिट आवाज घ्यायचा, कोरडा चालला तर चालतो." त्यानं तिच्याकडे जरा नवलानं पाहिलं. "मी सांगितलं. सोमवारी. चित्र काढलं. मी विचारलं, हे चालेल? सगळ्यांनी मान हलवली."

"हो."

"माझं इंग्रजी वाईट. पण तुम्ही कुणी विचारलं नाही. म्हणजे कळलं. तुमच्या पुस्तकात लिहिलं आहे ना?"

"बघते," ती म्हणाली आणि तिथून पळालीच.

अकराला परीक्षा. तिच्या पायाला भिंगरी लागली होती. जिन्यावरून वर, जिन्यावरून खाली. एकदा पाणी प्यायला गेली आणि न पिताच परत आली. गाईडबाईंच्या दारावर तिनं टकटक केलं. बाई आरशात गळ्यातला रुमाल नीट करत होत्या. "ये ये! घाबरलीस? अगं, तुझ्या इंग्रजीपुढे परीक्षक काय बोलणार!" त्या हसून म्हणाल्या. "काही हवंय?"

आता सांगावं. आत्ता, या क्षणी सांगितलं तर परीक्षा पुढे ढकलता येईल. आणि नोकरी जाईल, आणि अण्णा एवढ्या लांबून आले ते बंद दार बघायला.

"काही नाही," धाकटी म्हणाली. "सहज."

हे इतकं सोपं होतं की तिला स्वतःचंच भय वाटलं. कुणी विचारणार नव्हतं. इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं, निबंध छापून आला तेव्हाही नाही. आजचा एक तास मूग गिळून बसलं की झालं. सभागृहाच्या दारात तिनं अण्णांचा हात धरला. "अण्णा, चिठ्ठीवरचाच प्रश्न विचारा हं." अण्णांनी खिशावर थाप मारली.

सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. समोर तीन परीक्षक, त्यांत अध्यक्ष म्हणजे बाहेरगावाहून आलेले पांढऱ्या दाढीचे गृहस्थ. शेवटच्या रांगेत कोपऱ्यात मिस्त्री, इस्त्रीचा शर्ट घालून. धाकटी चाळीस मिनिटं बोलली. आवाज कापला नाही की शब्द अडला नाही. सत्त्याण्णवचा आकडा पडद्यावर आला तेव्हा माना हलल्या.

"आता," अध्यक्ष हसून म्हणाले, "पहिला मान घरच्यांचा."

अण्णा उभे राहिले. त्यांनी चिठ्ठी काढली, चष्मा लावला, वाचली, आणि पुन्हा खिशात ठेवली.

"हे तर तुला पाठच आहे," अण्णा मराठीत म्हणाले. "मी कालचंच विचारतो. तू आज सांगते म्हणाली होतीस. चांगले पंप तुम्ही लोडवर ऐकलेत आणि खराब पंप बिनलोडचे. मग तुझं यंत्र नेमकं काय ओळखतं, बेअरिंग गेलेलं, की पाणी नसलेलं?"

सभागृहातले सत्तर चेहरे तिच्याकडे वळले. प्रत्येक जण वाट बघत होता, आणि त्या सत्तर माणसांत मराठी कळणारा एकही नव्हता.

"माझे वडील विचारतायत," धाकटी इंग्रजीत म्हणाली, "की या यंत्राचा साध्या माणसाला काय उपयोग?"

आणि मग बारा वेळा म्हटलेलं उत्तर तिनं तेराव्यांदा म्हटलं. दवाखान्यातलं पाणी, शेतातलं पाणी, वेळेवर मिळणारी सूचना. शेवटी थोडं हसू. टाळ्यांचा कडकडाट झाला. गाईडबाईंनी डोळे टिपले. अध्यक्षांनी पेन उघडलं.

अण्णा बसले नव्हते.

ते तसेच उभे होते, कान थोडा पुढे करून. पंप ऐकताना उभे राहायचे तसे. टाळ्या थांबल्या. कुणीतरी त्यांना हातानं खूण केली, बसा, झालं. अण्णांनी ती पाहिलीच नाही.

"अगं," ते म्हणाले, "तू एवढं बोललीस, पण त्यात लोड कुठे आला?"

"अण्णा, बसा ना."

"मला इंग्रजी येत नाही. पण लोडला लोडच म्हणतात ना इथे? बेअरिंगला बेअरिंगच? काल तो मिस्त्री म्हणत होता. तुझ्या उत्तरात दोन्ही एकदाही आले नाहीत. तू दुसरंच काहीतरी सांगितलंस का?"

आवाजात राग अजिबात नव्हता. ते खरंच विचारत होते. पण शेवटच्या रांगेत मिस्त्री ताठ बसला होता. लोड, बेअरिंग, हे शब्द त्याच्याही कानावर पडले होते, दोनदा. अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं.

"ते काय म्हणतायत?" त्यांनी विचारलं.

धाकटीनं तोंड उघडलं. आणखी एक गोड वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. तिचं इंग्रजी खरंच उत्तम होतं. तिनं अण्णांकडे पाहिलं. ते वाट बघत होते. तिला उत्तर माहीत असणार याची त्यांना पक्की खात्री होती, आणि तीच तिला सहन होईना.

"मी मघाशी खोटं सांगितलं," ती म्हणाली. "त्यांचा प्रश्न वेगळा होता." आणि तिनं तो सांगितला. शब्दाला शब्द. लोड, बिनलोड, बेअरिंग, पाणी. जसा अण्णांनी विचारला तसा.

एकही मान हलली नाही. पाच वर्षांत त्या इमारतीत तिनं असं कधी पाहिलं नव्हतं.

"आणि उत्तर?" अध्यक्षांनी हळूच विचारलं.

"मला माहीत नाही. यंत्र बहुतेक पाणीच ओळखत असावं. मला आज सकाळी कळलं. मी गप्प बसणार होते."

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मिस्त्री उभा होता. "मी सांगितलं होतं," तो त्याच्या तुटक इंग्रजीत म्हणाला. कान लाल झाले होते. "सोमवारी. पण एकटीची चूक नाही. सगळ्यांनी मान हलवली. सगळ्यांनी." गाईडबाई आपल्या रुमालाच्या टोकाकडे बघत राहिल्या.

अध्यक्षांनी प्रबंध चाळला. एका पानाशी थांबले. तिथे समासात पेन्सिलीनं मोठं प्रश्नचिन्ह काढलेलं होतं, आणि ते पुसलेलंही होतं. "पंप कसे चालवले ते मी इथे तीनदा शोधलं," ते सावकाश म्हणाले. "सापडलं नाही. मला वाटलं, माझंच वाचायचं राहिलं. इंग्रजी माझी भाषा नाही."

निकाल दहा मिनिटांत लागला. वीस पंप पाण्यावर चालवून पुन्हा सगळे आवाज घ्यायचे, आणि सहा महिन्यांनी परत यायचं. खोटं भाषांतर केल्याची नोंद राहणार, ती पुसली जाणार नाही. पुढच्या महिन्यातली नोकरी गेली, हे कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

बाहेर व्हरांड्यात अण्णा भिंतीला टेकून उभे होते. लोक त्यांच्याकडे न बघता जात होते, त्यावरून त्यांना काय ते कळलं होतं. चेहरा पार उतरला होता.

"मी चुकलो का गं?"

धाकटीला रडू फुटलं. राग आला होता, त्यांचा, स्वतःचा, त्या चिठ्ठीचा. "तुम्ही चिठ्ठीवरचं का नाही विचारलंत अण्णा?"

"मला वाटलं, तुझ्याकडे उत्तर असणारच. लहानपणी मला सोडायची नाहीस. 'कशावरून? कशावरून?' म्हटलं, असा प्रश्न विचारावा की हिला सांगताना मजा येईल. लोकांनाही कळेल, पोरगी किती खोलात गेलीये ते." त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली आणि तिच्या हातात दिली. "हा प्रश्न तर कुणीही विचारला असता."

तिनं चिठ्ठीची घडी उघडली, पुन्हा घातली. मग तिनं नाक पुसलं.

"तुमचं परतीचं विमान कधी आहे?"

"आठ दिवसांनी."

"आठ दिवसांत वीस पंप होतील?"

अण्णांनी विचार केला. "दिवसाला तीन. पण आधी ते पाणी फवारण्याचं काहीतरी करावं लागेल. चल, त्याला विचारू."

वर्कशॉपमध्ये मिस्त्रीनं इस्त्रीच्या शर्टावर कामाचा डगला चढवला होता. बाकावर एक खराब पंप घेऊन तो त्याचं सील उघडत होता. दोघांना बघून त्यानं काही विचारलं नाही, फक्त एक स्टूल अण्णांकडे सरकवलं.

"त्याला विचार," अण्णा म्हणाले, "सील गळलं तर पाणी कुठून काढून द्यायचं? वायरी तर इथून गेल्यात."

धाकटीनं विचारलं. मिस्त्री बोलायला लागला. एक वाक्य सुरू झालं, त्यात दुसरं शिरलं, पत्र्याचं काहीतरी, उताराचं काहीतरी, मग तिसरं वाक्य. हात हवेत वळत होते. तिच्या मानेला सवय होती, ती आपसूक खाली जायला लागली.

तिनं ती मधेच थांबवली.

"थांबा," ती इंग्रजीत म्हणाली. "मला कळलं नाही."

मिस्त्री थांबला. त्यानं तिच्याकडे पाहिलं, चेष्टा तर नाही ना याची खात्री करून घेतली. मग पाना बाकावर ठेवला, हात पुसले, खडू घेतला, आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.